सँड ट्रेचा तयार संच: बाहुल्या भरपूर, वाळू मूठभर

सँड ट्रे थेरपीचा 'सगळं एकाच बॅगेत' असा तयार संच बरेच दिवस वापरून झाल्यावर हे लिहितेय. मी समुपदेशक आहे. मुलांबरोबर काम करते, मोठ्यांबरोबरही. माझ्या खोलीत पूर्ण आकाराची लाकडी पेटी आहे. पण काही जणांकडे मला जावं लागतं, आणि ती पेटी हलवणं शक्य नाही. म्हणून हा फिरता संच घेतला. नव्यानं प्रशिक्षण घेतलेले बरेच जण असाच संच घेऊन कामाला सुरुवात करतात, त्यामुळे त्यात काय चांगलं आहे आणि काय अजिबात चालणार नाही हे सविस्तर सांगावंसं वाटतं. कंपनीचं नाव देत नाही. यासारखे बाकीचे संचही मी पाहिलेत आणि बहुतेकांचं दुखणं तेच आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक उथळ पेटी, आतून निळी, निम्मी वाळूनं भरलेली. बाजूला शेल्फवर छोट्या वस्तू: माणसं, प्राणी, झाडं, घरं, कुंपणं, पूल, गाड्या, राक्षस, दगड, शिंपले. यांना आम्ही मिनिएचर म्हणतो. येणारी व्यक्ती वाळूत हात घालते, हवं ते उचलते आणि पेटीत आपलं एक जग मांडते. थेरपिस्ट शेजारी बसून बघतो. बोलायचं असेल तर नंतर बोलायचं, नसेल तर नाही. जे शब्दांत सापडत नाही, किंवा जे शब्दांत आणलं की अंगावर येतं, ते हाताला आधी सापडतं. शिवाय पेटीला चार भिंती आहेत. आत कितीही उलथापालथ झाली तरी ती त्या भिंतींच्या आत राहते, आणि मांडलेलं केव्हाही मोडून पुन्हा मांडता येतं. आयुष्यात ज्याच्यावर काही ताबा उरला नाही असं वाटतं, त्या माणसाला त्या पेटीपुरता तरी तो मिळतो.

आता संच. बॅगेतून निघतं ते असं: चाळीस बाय तीस सेंटिमीटरचा, सहा सेंटिमीटर खोल प्लॅस्टिकचा ट्रे, घट्ट बसणारं झाकण, दोन किलो वाळूची पिशवी, शंभर मिनिएचर, एक बोटभर दाताळं आणि एक माहितीपुस्तिका. बॅग मजबूत आहे, चेन चांगली आहे, आतले कप्पे विचार करून शिवलेत. झाकण तर खरंच उत्तम, बॅग आडवी पडली तरी वाळू बाहेर येत नाही. इथवर तक्रार नाही.

तक्रार वाळूपासून सुरू होते. सरळ हिशोब करा. सुटी कोरडी वाळू साधारण एका लिटरला दीड-पावणेदोन किलो भरते. म्हणजे दोन किलो वाळू सव्वा लिटरच्या आसपास. ती चाळीस बाय तीसच्या ट्रेमध्ये पसरली की थर होतो जेमतेम एक सेंटिमीटरचा. सहा सेंटिमीटर खोल ट्रेमध्ये निदान तीन सेंटिमीटर वाळू हवी, आणि त्यासाठी साडेपाच-सहा किलो लागते. एका सेंटिमीटरमध्ये डोंगर होत नाही. खड्डा होत नाही. काही पुरता येत नाही, आणि पुरणं ही या कामातली फार मोठी गोष्ट आहे. माणसं, झाडं नीट उभीसुद्धा राहत नाहीत, जरा धक्का लागला की एकावर एक कोलमडतात. मुलं मग वैतागून ट्रेचा नाद सोडतात आणि बाहुल्या जमिनीवर घेऊन खेळू लागतात. वजन वाढू नये म्हणून वाळू कमी दिली असणार हे मला कळतं. पण मग शंभर मिनिएचरऐवजी पन्नास द्यायच्या होत्या.

खोलीतल्या माझ्या पेटीचा हिशोबही सांगते, म्हणजे फरक लक्षात येईल. बाहत्तर बाय पन्नास सेंटिमीटर, खोली सात. निम्मी भरली तर साडेबारा लिटर वाळू, म्हणजे वीस किलोच्या आसपास. हा आकार उगाच ठरलेला नाही. समोर बसलेल्या माणसाला मान न वळवता एका नजरेत अख्खी पेटी दिसली पाहिजे, आणि तरी तिच्यात एक जग मावलं पाहिजे. वाळूच्या पेटीचीच सँडप्ले ही पद्धत घडवणाऱ्या डोरा काल्फ (त्यांच्याबद्दल पुढे सांगते) यांच्या पेट्या थोड्या रुंद, सत्तावन्न बाय बाहत्तर अशा असत. त्यांच्याकडे दोन पेट्या असत, एक कोरड्या वाळूची आणि एक ओल्या. संचातला छोटा ट्रे प्रवासापुरता चालतो. मुलांना तर तो लहान आहे याचं काही वाटत नाही. मोठ्या माणसांचे हात मात्र त्यात अडखळतात. दोन्ही पंजे एकदम घातले की वाळूच दिसत नाही.

वाळूबद्दल मी इतकी हटून का बसलेय, तर या पद्धतीची सुरुवातच तिथे आहे. मार्गारेट लोवेनफेल्ड या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी पोलंडमध्ये युद्धानं होरपळलेल्या लोकांत काम केलं होतं, आणि जे सोसलं ते सांगायला भाषा अपुरी पडते हे तिथे जवळून पाहिलं होतं. १९२८ साली त्यांनी लंडनमध्ये मुलांसाठी क्लिनिक काढलं. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९११ मध्ये आपल्या मुलांबरोबर जमिनीवर मांडायच्या खेळांवर एक पुस्तक लिहिलं होतं. ते डोक्यात ठेवून लोवेनफेल्डनी छोट्या खेळण्यांचा साठा जमवला. क्लिनिकमध्ये जस्ताच्या ट्रेमध्ये वाळू आणि पाणीही ठेवलं. खेळणी एकीकडे, वाळू दुसरीकडे. १९२९ च्या सुमारास मुलांनीच ती खेळणी नेऊन वाळूत मांडायला सुरुवात केली आणि त्याला 'जग' म्हणू लागली. ही पद्धत आपण शोधली नाही, मुलांनी शोधली, असं लोवेनफेल्ड शेवटपर्यंत सांगत राहिल्या. शेल्फवर खेळणी असूनही मुलांना वाळूची गरज वाटली होती. संच बनवणाऱ्यांनी हे एवढं लक्षात घेतलं असतं तर बॅगेत आणखी चार किलो वाळू आली असती.

वाळूचा दर्जा. पिशवीतली वाळू पांढरी, बारीक, दिसायला सुंदर. पण ओतताना धुरळा उडतो. ही साधी गोष्ट नाही. वाळूतली सिलिकाची अतिबारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत जाणं फुफ्फुसांना घातक असतं, आणि थेरपिस्ट दिवसभर त्याच खोलीत बसतो. परीक्षा अगदी सोपी आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, मूठभर वाळू टाका, ढवळा आणि मिनिटभर थांबा. वाळू तळाशी बसून वर पाणी नितळ राहिलं तर ठीक. पाणी दुधासारखं गढूळ झालं तर ती वाळू धुतलेली नाही. संचातल्या वाळूनं पाणी चांगलंच गढूळ झालं. मी ती बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत खळबळून धुतली, उन्हात वाळवली, चाळली. आता छान आहे. हाताला ती कशी लागते हेही बघा. गोल, झिजलेल्या कणांची वाळू बोटांतून वाहते. दगड भरडून केलेली टोचते, आणि टोचणाऱ्या वाळूत कुणी हात फार वेळ ठेवत नाही. रंगीत वाळू घेऊच नका. ओली झाली की रंग हाताला लागतो, आणि सगळं लक्ष हात पुसण्याकडे जातं. सिलिकॉन तेलाचा लेप दिलेली, मुठीत धरली की गोळा होणारी जी वाळू मिळते ती मुलांना फार आवडते आणि हात शांत करायला चांगली आहे. पण ती वाहत नाही, पाणी पीत नाही, त्यामुळे तिच्यात नदी होत नाही. तिची जागा वेगळी.

नदीवरून निळ्या रंगाकडे येते. पेटीचा तळ निळा असतो, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसतं. भिंती निळ्या असतात, म्हणजे वर आकाश राहतं. या संचात ट्रे पांढरा आहे आणि तळाला निळा कागद चिकटवलाय. भिंती पांढऱ्याच. पहिल्यांदा वाळू ओली केली तेव्हाच कागदाचे कोपरे सुटले आणि त्याखाली वाळू शिरली. प्लॅस्टिकवर रंग धरत नाही, खरवडून निघतो. शेवटी मी सुताराकडून पाण्याला टिकणाऱ्या प्लायची त्याच मापाची पेटी करून घेतली, सांधे सिलिकॉननं बंद करून घेतले, आतून निळ्या ऑइल पेंटचे दोन हात आणि वर वॉर्निश. संचाचं झाकण तिच्यावर बसत नाही, ही हळहळ आहे. पण आता कुणी तळापर्यंत खणलं तर खाली निळंच लागतं.

तळापर्यंत खणणं म्हणजे काय ते मी स्वतः अनुभवलंय. प्रशिक्षणात प्रत्येकाला दुसऱ्या थेरपिस्टसमोर बसून स्वतःचा ट्रे करावा लागतो. ही अट अगदी योग्य आहे, ती कुठे नसेल तर तिथे शिकू नये असं मी म्हणेन. माझी धाकटी बहीण जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी शेल्फकडे गेलेच नाही. वाळू दोन्ही हातांनी बाजूला ओढत राहिले, मधोमध निळी पट्टी दिसेपर्यंत, मग ती रुंद करत राहिले, इतकी की दोन्ही काठ पेटीच्या भिंतींना जाऊन टेकले. मग उठून एक छोटी लाकडी शिडी आणली आणि त्या पाण्यावर आडवी टाकली. एवढंच. थेरपिस्टनं बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाल्या, "ही शिडी किती भार पेलेल?" मी म्हटलं, "माझा एकटीचा." हे उत्तर माझ्या तोंडून निघेपर्यंत मला माहीत नव्हतं. आजारपणाच्या त्या सगळ्या काळात मी तिलाही पलीकडून ओढून आणायचा प्रयत्न करत होते, आणि ते होणार नाही हे मनात कुठेतरी ठाऊक होतं. कुणी समोर बसवून 'बहिणीबद्दल कसं वाटतं' असं विचारलं असतं तर मी चार नीटनेटकी वाक्यं बोलून मोकळी झाले असते. त्यांनी बहिणीचं नाव काढलं नाही. शिडीबद्दल विचारलं.

त्या संध्याकाळी पेटीत एक सेंटिमीटर वाळू असती तर काठही झाले नसते आणि पाणीही.

आता मिनिएचर. शंभर आहेत, रंग टिकाऊ आहेत, धुता येतात. वजनाला थोड्या हलक्या. निवड मात्र अशी की बघून वाईट वाटलं. सगळे हसरे. कुटुंब म्हणजे आई, वडील, मुलगा, मुलगी, बस. आजी-आजोबा नाहीत, तान्हं बाळ नाही, चाकाच्या खुर्चीतलं कुणी नाही, आजारी माणूस नाही, एकटं बसलेलं कुणी नाही. सगळ्या माणसांचा वर्ण एकच. प्राणी गोजिरवाणे: हत्ती, जिराफ, कुत्रा, ससा. सिंहाचं तोंड मिटलेलं. साप नाही, कोळी नाही, मगर नाही, सांगाडा नाही, थडगं नाही, बंदूक नाही, राक्षस नाही. मुलांना भीती वाटेल म्हणून हे काढलं असेल, तर हे ध्यानात घ्या की मूल इथे येतं ते भीती बरोबर घेऊनच. ती ठेवायला त्याला काहीतरी लागतं. तोंड उघडलेली, दात दाखवणारी मगर माझ्या शेल्फवर सगळ्यात जास्त वापरली जाते. कधी ती सगळ्यांना खाते, कधी कुणीतरी तिला कुंपणात घालतं.

आणि ते कुंपण! संचात कुंपणाचे चार तुकडे आहेत. चार तुकड्यांत एक ससा मावतो. घर वेढायला, प्राणी वेगळे ठेवायला, कुणाला आत येऊ न द्यायला किमान पंधरा-वीस तुकडे हवेत. पूल एकच आहे, तो चांगला आहे. झाडं सगळी हिरवीगार. एक तरी वठलेलं झाड हवं होतं. एक गोष्ट मात्र कौतुकाची: वस्तू एकाच प्रमाणात नाहीत. बेडूक घराएवढा आहे. बरेच जण याला दोष मानतील, पण मला हे हवंच असतं. ज्याचा धाक फार मोठा असतो त्याच्यासाठी मोठी वस्तू निवडता आली पाहिजे, आणि स्वतःसाठी अगदी छोटी.

या उणिवा भरून काढणं अवघड नाही. मी वठलेल्या फांद्या, गोटे, शिंपले, पिसं, बिया, चाव्या, एक आरशाचा कडा घासलेला तुकडा असं जमवलं. मोडक्या वस्तू टाकून दिल्या नाहीत. पाय तुटलेला घोडा, चाक निघालेली गाडी यांचा वेगळा डबा आहे आणि तो भरपूर वापरला जातो. मात्र वस्तूंचा हव्यास धरू नका. शेकड्यांनी वस्तू समोर आल्या की लहान मुलं नुसती गोळा करत सुटतात आणि मांडायचं राहून जातं. जे आहे ते गटागटानं, दर वेळी त्याच जागी ठेवा. गेल्या आठवड्यात इथे होती ती मगर आजही इथेच आहे, ही खात्री मुलाला लागते. फिरत्या संचात हे सांभाळायला मी कापडी गुंडाळी वापरते, कप्पे शिवलेली. ती उलगडली की शेल्फ तयार.

माझा सगळ्यात तीव्र आक्षेप पुस्तिकेवर आहे. शेवटच्या पानांवर चक्क तक्ता छापलाय: साप म्हणजे भीती, पूल म्हणजे बदल, उजवा कोपरा म्हणजे भविष्य, पुरलेली वस्तू म्हणजे दडपलेली आठवण. ही पानं फाडून टाका, हे मी अगदी मनापासून सांगतेय. एका मुलासाठी साप रात्री येणारं संकट असतो, दुसऱ्यासाठी दारावरचा राखणदार. पुरलेली वस्तू लपवलेली असेल, जपून ठेवलेली असेल, पेरलेलीही असेल. ते मांडणाराच सांगू शकतो, आणि कधी कधी तोही पुष्कळ नंतर. डोरा काल्फ स्वित्झर्लंडच्या, मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या परंपरेतल्या. १९५६ मध्ये त्या लंडनला लोवेनफेल्डकडे शिकायला गेल्या आणि परत येऊन त्यांनी सँडप्ले ही स्वतःची पद्धत घडवली. प्रतीकांचा अभ्यास त्यांच्याइतका कुणाचा असेल! तरीही मांडणी चालू असताना त्या अर्थ सांगत नसत. 'मुक्त आणि सुरक्षित अवकाश' देणं हेच थेरपिस्टचं काम, असं त्या मानत. जपानी मानसशास्त्रज्ञ हायाओ कवाई यांनी १९६५ मध्ये ही पद्धत जपानला नेली आणि तिथे ती खूप रुजली, कारण पेटीत छोटी बाग मांडायची हाकोनिवाची परंपरा त्या लोकांच्या हाताला आधीच ठाऊक होती. या सगळ्या प्रवासात तक्ता कुठेच नाही. मूल्यमापनासाठी वाळूची पेटी वापरणाऱ्या पद्धती आहेत, मानसशास्त्रज्ञ शार्लट ब्यूलर यांनी तशी चाचणी तयार केली होती. पण ते वेगळं काम, वेगळं प्रशिक्षण. तक्ता पाठ करून कुणाच्या मनात डोकावता येतं असा समज या पुस्तिकेनं होईल, आणि त्याचा त्रास ज्याचा ट्रे आहे त्याला होईल.

पुस्तिकेत सेशन कसं घ्यायचं यावर अर्धं पान आहे, तेही घाईनं लिहिलेलं. मी कशी बसते ते सांगते. समोर बसत नाही, बाजूला बसते, पेटी जशी त्यांना दिसते तशी मलाही दिसावी म्हणून. "वाळूत हात घालून बघा. ओली हवी तर पाणी इथे आहे. जे खुणावेल ते घ्या, आणि तुम्हाला वाटेल तसं मांडा. चूक-बरोबर काही नाही." एवढंच बोलते. मग गप्प. पहिली वस्तू कुठली आली, कुठली उचलून परत ठेवली, काय किती वेळा हलवलं, कुठे हात थबकला, हे मनात टिपते. लिहीत बसत नाही, लिहायला लागलं की माणूस परीक्षा दिल्यासारखा बसतो. पेटीला माझा हात लागत नाही. काही पडलं तरी मी उभं करत नाही, कारण ते पडलं आहे की पाडलंय हे मला ठाऊक नसतं. झालं असं वाटलं की विचारते, "हे जग मला दाखवाल?" एखाद्या बाईच्या बाहुलीला ते 'आई' म्हणेपर्यंत मीही म्हणत नाही. प्रश्न पेटीतल्या गोष्टींबद्दलच विचारते: हा कुणाची वाट बघतोय, या भिंतीपलीकडून काही ऐकू येतं का, रात्र झाली की इथे काय होतं. परवानगी घेऊन त्यांच्या बाजूनं एक फोटो काढते. मांडणी ते गेल्यावर मोडते, त्यांच्यासमोर नाही. आपण उभारलेलं जग दुसऱ्यानं भराभर उचलून डब्यात टाकताना बघणं फार वाईट असतं. म्हणून दोन सेशनच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवावीच लागतात. हे पुस्तिकेत एका ओळीनंही नाही.

आणि कुणी एकही वस्तू घेतली नाही तर? हा प्रश्न नवखे नेहमी विचारतात. एका प्रौढ माणसाच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही इतकंच सांगते. ते अनेक सेशन नुसती वाळू सपाट करत बसले. तळहातानं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा, कुठेही रेघ राहणार नाही अशी. मी शेजारी बसले. एके दिवशी त्यांनी सपाट वाळूवर एक बोट टेकवलं, काढलं, आणि त्या खळग्याकडे बघत राहिले. तो त्यांनी बुजवला नाही. त्या दिवसापासून ते बोलू लागले. संचातल्या शंभर मिनिएचरपैकी एकीचाही इथे उपयोग नव्हता.

पाण्याबद्दल: संचात पाण्याची सोय नाही. फवारणीची छोटी बाटली बरोबर ठेवा, पण मुलांना बहुधा ओतायचंच असतं. म्हणून फुटणार नाही असा लहान मग आणि 'आज एवढंच पाणी' अशी मर्यादा. ओली वाळू झाकण लावून ठेवू नका, दोन दिवसांत वास येतो, पुढे बुरशी. घरी आल्यावर पसरून वाळवा. दाताळं निरुपयोगी आहे, त्याऐवजी रुंद ब्रश आणि पिठाची चाळणी ठेवा.

सावधगिरी तर हवीच, आणि पुस्तिकेत ती नसणं मला खटकलं. वस्तू तोंडात घालणाऱ्या लहान मुलांसाठी हा संच नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांसमोर धुळीची वाळू नकोच. श्रवणयंत्र असलेलं मूल वाळू उडवत असेल तर यंत्राची काळजी आधी. काहींना वाळूचा स्पर्शच सहन होत नाही, त्यांच्यासाठी मी ट्रेमध्ये कोरडे तांदूळ किंवा नुसतं कापड अंथरते, आग्रह धरत नाही. भास होत असतील, वास्तवाशी धागा सुटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय पेटी उघडू नये. मोठा आघात झालेल्या माणसाच्या हातून पेटीत अचानक फार काही बाहेर येऊ शकतं. ते सावरायचं शिक्षण नसेल तर हा खेळ उरत नाही. पालक विचारतात, घरी आणून ठेवू का? ठेवा, मुलाला खेळू द्या, फक्त 'हा साप म्हणजे कोण रे?' असं विचारू नका.

हे सगळं उपयोगी पडतं याला पुरावा काय, असंही विचारलं जातं आणि ते विचारायलाच हवं. २०२२ मध्ये सँडप्लेवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं आणि त्यात परिणाम चांगला दिसला. पण मुळातले बरेचसे अभ्यास लहान आहेत, त्यामुळे मी कुणालाही खात्रीचा इलाज म्हणून हे सांगत नाही. औषधं चालू असतील तर ती चालूच राहतात.

तर संच घ्यावा का? ज्यांच्याकडे प्रशिक्षण आहे, खोलीत मोठी पेटी आहे आणि फिरतीसाठी काहीतरी हवंय, त्यांनी घ्यायला हरकत नाही. बॅग, झाकण आणि निम्म्या मिनिएचर कामाच्या आहेत. पाचपैकी अडीच देईन. ज्यांना पहिलीच पेटी करायची आहे त्यांनी हा घेऊ नये. सुताराकडून पेटी करून घ्या, आतून तळ आणि भिंती निळ्या रंगवा, वीस किलो धुतलेली बारीक वाळू आणा आणि पेटी चाकांच्या भक्कम टेबलावर ठेवा, भरलेली पेटी उचलायच्या भरीस पडू नका. मिनिएचर तीस-चाळीसच असू देत, पण त्यांत एक म्हातारं माणूस, एक बाळ, एक मगर आणि भरपूर कुंपण असू दे. बाकीच्या हळूहळू जमतात. संच आधीच घेतला असेल तर या आठवड्यात आणखी चार किलो वाळू आणून त्यात घाला.